ट्रकच्या चौकटीसाठी समतल टेबल: जाड प्लेट, बीम की जुने रूळ?

प्रश्न (फॅब्रिकेटर, धुळे)

नमस्कार मंडळी. धुळ्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमचे छोटे वर्कशॉप आहे. पाण्याचे टँकर आणि टिपर यांना लागणाऱ्या सबफ्रेम (ट्रकच्या चेसिसवर बसणारी, वरचा सांगाडा पेलणारी चौकट), तसेच ट्रॅक्टर ट्रॉलीच्या चौकटी आम्ही ग्राहकाने दिलेल्या मापाप्रमाणे तयार करतो. सध्या हे काम जमिनीवर लाकडी ठोकळे आणि जॅक लावून चालते. त्यामुळे प्रत्येक चौकटीची मांडणी नव्याने करावी लागते आणि बराच वेळ त्यातच जातो. आता 5.5 मीटरपर्यंतची चौकट बसेल असे 6 मीटर लांबीचे कायमचे टेबल बांधायचे आहे. वर 12 मिमीची अखंड प्लेट टाकावी, 200 मिमी उंचीचे आय-बीम वापरावेत, की भुसावळकडच्या भंगार व्यापाऱ्यांकडे मिळणारे जुने रूळ घ्यावेत, हे ठरत नाही. शेड काळ्या मातीच्या जमिनीवर आहे आणि उन्हाळ्यात कोब्याला भेगा पडतात. टेबल किती अचूक असायला हवे, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर 1 (चेसिसचे काम करणारा, चाळीसगाव)

भाऊ, टेबलाचा सर्व पृष्ठभाग सपाट करण्याच्या मागे लागू नका. चौकटीचे दोन लांब चॅनल (इंग्रजी C आकाराचे लोखंडी बार) ज्या ठिकाणी टेकतात तेवढ्याच जागा एका प्रतलात असल्या की पुरे. 6 मीटर बाय 1.5 मीटरची 12 मिमी प्लेट जवळजवळ 850 किलो भरते, गिरणीतून आलेली प्लेट मुळात सपाट नसते, आणि ती सांगाड्याला वेल्ड करताच वेल्डच्या आकसण्याने आणखी वाकते. शिवाय खालून वेल्ड मारायला जागा उरत नाही, म्हणून चौकट पुन्हा पुन्हा उलटावी लागते.

माझ्या मते 12 मीटरचा एक बीम मधोमध कापून 6 मीटरचे दोन तुकडे घ्यावेत आणि ते सुमारे मीटरभर अंतरावर समांतर ठेवावेत. त्यांच्यावर प्रत्येक मीटरला एक याप्रमाणे सात आडवे तुकडे ठेवावेत. दोन चॅनल समोरासमोर जोडून केलेली पेटी त्यासाठी चांगली. हे आडवे तुकडे वेल्ड न करता बोल्टने बसवावेत आणि त्यांच्याखाली अर्धा किंवा एक मिमीच्या पत्र्याच्या पट्ट्या घालून वरची पातळी जुळवावी. लांब बीममध्ये काही मिमीचा बाक असला तरी मग बिघडत नाही, आणि पुढे एखादा तुकडा ठोकला गेला तर तेवढाच सोडून दुरुस्त करता येतो.

पायांच्या अंतरात कंजुषी करू नये. 200 मिमीच्या बीमला 3 मीटरवर पाय दिले आणि मध्यभागी 500 किलो भार आला, तर बीम साधारण 0.6 मिमी झोळ खातो. हेच अंतर दीड मीटर केले की झोळ आठपट कमी होतो, कारण तो अंतराच्या घनाप्रमाणे बदलतो. म्हणजे प्रत्येक बीमला पाच पाय. प्रत्येक पायाखाली 20 किंवा 24 मिमीचा आटे पाडलेला दांडा, वर-खाली नट आणि जाड बैठक प्लेट द्यावी.

अचूकतेबद्दल बोलायचे तर सर्व टेकू एकमेकांच्या 1 मिमीच्या आत असावेत. एका कोपऱ्यात लेव्हल अर्ध्या मिमीने चुकली तर चौकट बिघडत नाही, पण टेबलात पीळ असेल तर तोच पीळ सबफ्रेममध्ये उतरतो. पिळलेली सबफ्रेम यू-बोल्टने आवळली की ती मूळ चेसिसलाच ओढते, आणि त्या चेसिसच्या फ्लँजवर (चॅनलच्या वरच्या-खालच्या आडव्या कडेवर) वेल्ड किंवा भोक करायला ट्रकचे उत्पादक मनाई करतात. पीळ तपासायला कोपऱ्यांतून कर्णाकार दोन दोरे ताणावेत. मध्यभागी ते फक्त स्पर्शतील असे असावेत. मग वरचा दोरा खाली आणि खालचा वर घेऊन पुन्हा पाहावे.

उत्तर 2 (स्थापत्य ठेकेदार, जळगाव)

वरच्या सांगाड्याबद्दल सहमत आहे, पण खरी अडचण खाली आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. कोबा तिच्याबरोबर हलतो. टेबलाचे पाय त्या कोब्यावर ठेवले तर जूनमध्ये लावलेली लेव्हल मार्चमध्ये राहणार नाही. प्रत्येक पायाच्या जागी कोबा कापून काळी माती संपेपर्यंत खणावे, मुरूम लागला की त्यावर काँक्रीटचा वेगळा ठोकळा उभारावा आणि ठोकळा व कोबा यांच्यात बोटभर फट ठेवावी. माती फार खोल असेल तर निदान मीटरभर काढून मुरूम थराथराने दाबून भरावा. शेडभोवतीचे पाणी लांब नेणारा उतार मात्र दोन्ही बाबतींत हवाच.

ऊनही विसरू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो. पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या दारातून ऊन येऊन 6 मीटर बीमचा वरचा भाग खालच्यापेक्षा 5 अंशांनी जास्त तापला, तर टोके मोकळी असल्यास मध्य सव्वा मिमीहून अधिक वर उचलतो. म्हणून लेव्हल नेहमी पहाटे, लोखंड रात्रभर थंड झाल्यावर लावावी.

उत्तर 3 (वेल्डर, भुसावळ)

रुळांचा नाद सोडा. रुळाचे पोलाद जास्त कार्बनचे असते; आधी तापवल्याशिवाय वेल्ड केले तर शेजारी तडा जातो. डोके झिजलेले असते आणि झीज सगळीकडे सारखी नसते. वजनाला मजबूत, हे खरे, पण इथे हवी ती सरळ रेषा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. ठोकळ्यांचे काम पावसाळ्यापूर्वी उरकतो. एक शंका: 6 मीटरवर लेव्हल मोजायला गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरेल का, की तार ताणावी? आणि चौकट टेबलाला किती आवळून वेल्ड करावी?

उत्तर 1 (चाळीसगाव)

नळीने सुरुवात करा. बुडबुडे काढून, दोन्ही टोके उन्हापासून दूर ठेवली तर 1 मिमीपर्यंत भरवसा ठेवता येतो. शेवटचे बारीक जुळवणे चांगल्या दर्जाच्या मशिनिस्ट लेव्हलने (बारीक फरक दाखवणाऱ्या बुडबुड्याच्या लेव्हलने), एका आडव्या तुकड्यावरून दुसऱ्यावर सरळ पट्टी ठेवून करा. तारेवर मात्र आंधळा विश्वास नको: अर्ध्या मिमीच्या पोलादी तारेला 10 किलोचा ताण दिला तरी 6 मीटरमध्ये ती मध्यभागी सुमारे 0.7 मिमी झुकते, तेवढे वजा करूनच वाचावे.

चौकट प्रत्येक आडव्या तुकड्यावर क्लॅम्पने धरा, सगळे जोड आधी टॅक करा (छोट्या ठिपक्यांच्या वेल्डने धरा) आणि दोन्ही कर्ण मोजून मगच पूर्ण वेल्ड मारा. वेल्ड मध्यापासून टोकांकडे, डावी-उजवी बाजू आलटून पालटून न्यावे. क्लॅम्प लोखंड हाताला गार लागेपर्यंत काढू नयेत, आणि अर्थिंगची पकड टेबलाला न लावता थेट चौकटीला लावावी, म्हणजे बोल्ट आणि पट्ट्यांच्या फटींत ठिणग्या पडून टेकू खराब होणार नाहीत.