केळी आणि ठिबकच्या कामाला रोज खिशात ठेवता येईल असा दणकट घडीचा चाकू सुचवा (बजेट १५ ते २० हजार)

रावेरचा बागाईतदार

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात आमची केळी आहे, शिवाय आजूबाजूच्या शेतांत मी ठिबक जोडून देतो. चाकू दिवसभर लागतो. ठिबकची सोळा मिमीची लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतली बारीक नळी, कापायची, खताच्या गोणीची शिवण उसवायची, घडावर चढवायची पिशवी (स्कर्टिंग बॅग) बांधली की दोरी तोडायची, खालच्या बारक्या फण्या काढायच्या, दुपारी बांधावर कांदा-काकडी चिरायची. घड उतरवायला विळा-कोयता आहे, ते काम या चाकूचं नाही.

आतापर्यंत दोनशे-तीनशेवाले चाकू वापरले. वर्षाला दोन-तीन जातात. यंदा पोळ्याच्या आठवड्यात ऑनलाइन मागवलेला एक चाकू, दिसायला अगदी भक्कम, लॅटरलमध्ये अडकला. सोडवायला जरा उलटा जोर दिला आणि लॉक सुटून पातं बोटांवर मिटलं. उजव्या तर्जनीला चार टाके पडले. नंतर उघडून पाहिलं तर लॉकची पट्टी जिथे पात्याच्या बुडाला टेकते तिथे केळीचा चीक वाळून काळा थर बसला होता. पट्टी निम्मीसुद्धा आत येत नव्हती.

आता एकदाच चांगला घ्यायचा आहे. एका हाताने उघडावा, लॉकवर भरवसा ठेवता यावा, गंजू नये आणि धार घरी लावता यावी. मनात तीन नावं आहेत: ओपिनेल ८ नंबर, बेंचमेड बगआउट आणि स्पायडरको पॅरामिलिटरी २. व्हिडिओ पाहून डोकं फिरायची वेळ आली. ज्यांनी खरंच शेतात वापरलाय त्यांनी सांगावं.

तापीकाठची

दादा, आधी बोट कसं आहे ते सांगा. टाक्यांच्या जागी चीक लागू देऊ नका.

माझ्याकडे ओपिनेल ८ नंबर चार वर्षांपासून आहे, कार्बन पोलादाचा. मी चोपड्याकडची, आमचीही केळीच. धार इतकी सुरेख की भरिताच्या वांग्याचा देठ उभा चिरताना हाताला कळतही नाही. पण तुमच्या कामाला मी तो सांगणार नाही. केळीच्या चिकाने पातं पहिल्याच दिवशी काळं पडलं. पावसाळ्यात लाकडी मूठ फुगते आणि पातं आत अडकून बसतं. मग मुठीचं बूड लाकडावर हलकं ठोकायचं, म्हणजे पातं नखात धरण्याइतकं बाहेर येतं. लॉकची कडी फिरवायला दुसरा हात लागतो, तुमच्या एका हातात तर पाइप असणार. घेतलाच तर स्टेनलेसवाला घ्या, आणि तो स्वयंपाकघरात व डब्यासोबत ठेवा. तिथे त्याला तोड नाही.

टूलरूमवाला, जळगाव

भाऊ, एमआयडीसीत डाय, म्हणजे प्रेसचे साचे, बनवण्यात माझी बावीस वर्षं गेली, म्हणून आधी पोलादावर बोलतो. चाकू शेवटी पोलाद आणि लॉक एवढाच असतो, बाकी सजावट.

सध्या सात-आठ हजारांच्या आतले बरेच चाकू डी-टूमध्ये येतात. डी-टू आमच्या रोजच्या वापरातलं, प्रेसच्या डायचं पोलाद. झिजायला अतिशय चिवट. त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे विकणारे त्याला जवळपास स्टेनलेस म्हणतात. पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं जाऊन कठीण दाण्यांत अडकतं. गंज रोखायला मोकळं क्रोमियम लागतं, ते कमी उरतं. घामाच्या खिशात, त्यात भुसावळ-रावेरचा उन्हाळा म्हणजे दोन दिवसांत तांबूस ठिपके येतात. माझ्या स्वतःच्या चाकूवर आले.

याच्या उलट मॅग्नाकट. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने ते चाकूसाठीच तयार केलं आणि २०२१ मध्ये ते बाजारात आलं. त्यात क्रोमियम डी-टूपेक्षाही कमी, १०.७ टक्के. तरी ते कितीतरी कमी गंजतं, कारण कठीण दाणे व्हॅनेडियम आणि नायोबियमचे होतात आणि क्रोमियम पोलादात मोकळं राहतं. टक्केवारी पाहून पोलाद निवडू नका म्हणतो ते यासाठी. नुसता गंज टाळायचा असेल तर एलसी२००एन हे नायट्रोजनवालं पोलाद आहे, समुद्रावरच्या लोकांसाठी स्पायडरको ते सॉल्ट मालिकेतल्या काही चाकूंत वापरते. व्हीजी-१० आणि एस३०व्ही ही पोलादंही चांगलीच आहेत, पण त्यांना पुसून ठेवायची शिस्त लागते.

तापीकाठच्या ताईंचं पातं काळं झालं तो गंज नव्हे. केळीच्या चिकात टॅनिन असतं, लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग धरतं. त्याने पातं खराब होत नाही. पण तोच चीक लॉकमध्ये वाळला की काय होतं ते तुमच्या बोटाने पाहिलंय.

आता लॉक. तुमचा गेला तो लायनर लॉक असावा, आतली पातळ पट्टी सरकून पात्यामागे उभी राहते तो. नीट घडवलेला असेल तर वाईट नाही, पण पट्टी पात्याच्या बुडाला किती टेकते यावर त्याचा सगळा जीव असतो. तुमच्या यादीतल्या बगआउटला आडव्या पिनेचं लॉक आहे, दोन्ही बाजूंनी बोटांनी मागे ओढायचं. सुरेख चालतं. वजन तर ५२ ग्रॅम, खिशात आहे की नाही कळत नाही. पण त्याच्या मुठीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या पातळ आहेत, जोरात दाबल्या की लवतात. डोंगर चढणाऱ्याला उत्तम. ओल्या हाताने लॅटरल कापणाऱ्याला मूठ भरीव हवी.

पॅरामिलिटरी २ चं लॉक मुठीच्या पाठीकडे आहे. मिटवताना बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत, तुमच्या बाबतीत हे मी सगळ्यात वर धरेन. पातं ८७ मिमी, मूठ हात भरेल अशी. आणि मागची बाजू उघडी आहे, फक्त खांब. संध्याकाळी नळाखाली धरा, साबणाचा ब्रश फिरवा, माती-चीक आरपार वाहून जातो. याचाच सॉल्ट प्रकार मॅग्नाकटमध्ये मिळतो. मी तुमच्या जागी असतो तर तोच घेतला असता.

अमयनेरकर

भो, तुले खरं सांगस: महाग चाकू लेवाना पहिले हातमा धरी देख. आमच्याकडे एकाने फोटो पाहून घेतला, मूठ एवढी लहान की करंगळी बाहेर. शिवाय बेंचमेड आणि स्पायडरको या दोन्ही कंपन्यांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. अर्ध्या किमतीत ‘ओरिजनल’ म्हणून मिळत असेल तर हात लावू नका.

सातपुड्याचा पायथा

मी थोडं वेगळं सांगतो. तेरा वर्षं व्हिक्टोरिनॉक्सचा, मिटवल्यावर १११ मिमी भरणारा फॉरेस्टर माझ्याकडे आहे, लॉकवाला, सोबत करवत. पोलाद मऊ, कठीणपणा ५६ रॉकवेलच्या आसपास. धार लवकर बसते पण साध्या दगडावर पाच मिनिटांत परत येते. तेरा वर्षांत गंजाचा ठिपका नाही. करवतीने शेवग्याची फांदी, बांबूची टेकू, सगळं होतं. किंमत तुमच्या बजेटच्या निम्म्यातही नाही, आणि भारतात दुकानात हातात घेऊन पाहता येतो. खिशातून नाल्यात पडला तर रात्री झोप लागेल.

टूलरूमवाला, जळगाव

सातपुडा भाऊंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. मऊ पोलाद म्हणजे कमी दर्जाचं हा समज चुकीचा आहे. गोणीच्या सुतळीत माती असते, आणि मातीसमोर कुठलीच धार फार वेळ टिकत नाही. जी पटकन परत येते तीही मोठी सोय.

मॅग्नाकट किंवा एस३०व्ही घेणार असाल तर डायमंडची पट्टी सोबत घ्या. व्हॅनेडियमचे दाणे साध्या दगडापेक्षा कठीण असतात, दगड पात्यावरून नुसता घसरत राहतो. आणि हात जोडून सांगतो, बाजारातल्या सायकलवाल्या चाकावर हा चाकू देऊ नका. धारेवर निळी झाक दिसली म्हणजे ती जागा ३०० अंशांच्या घरात तापली, पोलादाचं पाणी उतरलं. मग कितीही घासा, तेवढा भाग मऊच राहणार.

वकिली करणारा, धुळे

चाकू निवडलात की हेही वाचा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांच्या वर्गात जातात. घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. इथे चर्चेत असलेले सगळे चाकू चार इंचांच्या आसपास किंवा आत आहेत, तेव्हा त्या अंगाने अडचण नाही.

अडचण येते ती महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ ची. सण, निवडणुका, मोर्चे असले की जिल्ह्यात मनाई आदेश निघतो. त्या कलमात चाकूचा थेट उल्लेख आहे आणि लांबीची सूट नाही. म्हणून शेतात खिशाला क्लिप लावून फिरा, पण तालुक्याच्या बाजारात, यात्रेत, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात चाकू ठिबकच्या अवजारांच्या पेटीतच असू द्या. पेटीत पंच, ग्रोमेट, जॉइनरसोबत ठेवलेला चाकू कशासाठी आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. बटण दाबून उघडणारा, आपल्याकडे खटक्याचा म्हणतात तो, अजिबात घेऊ नका. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, मोठ्या सामानात टाका.

रावेरचा बागाईतदार

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका: भाचा दिवाळीत अमेरिकेहून येतोय, तो आणू शकेल. पण तिकडे तो सॉल्टवाला दोनशे डॉलरच्या वर जातो. एवढे पैसे चाकूत घालणं बरोबर आहे का? घरी विचारलं तर आई म्हणाली, बोटापेक्षा महाग आहे का?

टूलरूमवाला, जळगाव

आईंनी उत्तर दिलंय. मात्र एक करा. आधी फॉरेस्टर घ्या आणि धार लावायला त्याच्यावर शिका. हजार नंबरचा पाण्याचा दगड, एका बाजूला साधारण २० अंशांचा कोन. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला नख हळूच बाहेरच्या दिशेने फिरवलं की बारीक कोर अडकते, आमच्याकडे तिला बर म्हणतात. बुडापासून टोकापर्यंत सगळीकडे बर आली की मगच बाजू बदला. लोक मधेच बदलतात म्हणून धार येत नाही. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर दहा-बारा वेळा उलटा, पात्याची पाठ पुढे ठेवून, ओढा. हा हात बसला की महागड्या पात्यावर डायमंड लावायची भीती राहणार नाही.

तापीकाठची

आणि दादा, कामाला लागण्याआधी पात्याला खोबरेलाचं बोट फिरवत जा. चीक चिकटत नाही, संध्याकाळी नुसत्या फडक्याने निघतो. त्याच पात्याने काकडी चिरायची असते, म्हणून रॉकेल नको.

रावेरचा बागाईतदार

ठरलं. काल जळगावला जाऊन फॉरेस्टर हातात घेऊन पाहिला आणि घेतला. आज कांदेबागेत, म्हणजे केळीच्या ऑक्टोबरातल्या लागवडीत, चार ओळींची लॅटरल बदलली, जवळपास साठ काप. ताईंनी सांगितल्याप्रमाणे खोबरेल लावलं होतं, लॉकच्या पट्टीपाशी थर नाही. भाच्याला पॅरामिलिटरी सॉल्ट आणि डायमंडची पट्टी सांगून ठेवली आहे, मोठ्या बॅगेत टाकून आण म्हटलं. आला की केळीत महिनाभर वापरतो आणि लॉकचे फोटो इथेच टाकतो.