पेंटर की चित्रकार? गावात राहून स्वतःची चित्रे काढणाऱ्यांना एक प्रश्न

खाडीकाठ (वेंगुर्ले)

नमस्कार. माझे वय अडतीस आहे आणि वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात गेली सोळा वर्षे मी रंगकामावर पोट भरतो आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या, पुढे आर्ट टीचर डिप्लोमाही केला. पण शाळेतली कायम नोकरी मिळाली नाही. त्यामुळे पावसाळा वडिलांच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कारखान्यात जातो. त्यातच १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांवर नावे आणि नक्षी काढायची कामे येतात, आणि दिवाळीनंतर शाळांच्या भिंती किंवा एखाद्या नाटकाचा पडदा. दुकानांच्या पाट्या पूर्वी बाराही महिने असत. त्या फ्लेक्सने नेल्या.

पैशांचा प्रश्न आहेच, पण तो मला समजतो. न समजणारा प्रश्न वेगळा आहे. मी जलरंगात स्वतःची चित्रेही काढतो, आणि ती बहुतेक एकाच जागेची असतात: आमची खाडी, तिचा मोडका धक्का आणि पावसाआधीचे मळभ. गेल्या वर्षी एका होम-स्टेच्या मालकांना ती आवडली आणि त्यांनी खोल्यांसाठी सहा चित्रे सांगितली. मात्र प्रत्येकात माड, होडी आणि मावळता सूर्य हवा, अशी अट होती. मी ती काढून दिली, पैसे वेळेवर मिळाले, तक्रार काही नाही. पण त्यानंतर खाडीवर जाऊन बसलो की समोर नसलेला माड हात आपसूक काढू लागला. मुंबईला गेलेले मित्र म्हणतात की गावात राहून पेंटर होता येते, चित्रकार होता येत नाही. ज्यांनी हे दोन्ही सांभाळले आहे, त्यांनी ते कसे सांभाळले आणि मुळात स्वतःचे चित्र कोणासाठी काढले, हे जाणून घ्यायचे आहे.

जांभाचिरा (सावंतवाडी)

मी निवृत्त कलाशिक्षक आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

पेंटर आणि चित्रकार हा भेद तुमच्या मित्रांनी मुंबईत शिकलेला दिसतो. आमच्या गावात चितारआळी आहे. चितारी या एका शब्दात रंगवलेला पाट, पाळणा, लाकडी फळे आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, असे सगळेच येते. त्यातले कोणते काम पोटाचे आणि कोणते कलेचे, अशी वाटणी कोणी केली नाही. दशावतारी गंजिफांचा संच १२० पानांचा असतो: दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येक गटात राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने. मत्स्याच्या गटातल्या अंकांच्या पानांवर हिशेबाने पंचावन्न मासे काढावे लागतात. तुम्ही सहा सूर्यास्त काढून थकलात. पंचावन्नावा मासा काढणाऱ्याचे मन कशात गुंतत असेल, याचा विचार करून पाहा. मला वाटते, त्या माशाच्या शेपटीचा एक फटकारा पहिल्या माशापेक्षा सफाईने यावा, एवढ्यातच त्याची ओढ असते. ही कला संपत आली होती, तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या राजमाता सत्त्वशीलादेवी यांनी ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यात कारागिरांना बसायला जागा दिली. त्यामुळे ती आज दिसते.

आता दुसरी वाट. याच सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले सा. ल. हळदणकर मुंबईला गेले, जे. जे. कलाशाळेत शिकले आणि १९०८ साली त्यांनी स्वतःची कलासंस्था काढली. हाताच्या आडोशाने दिवा नेणाऱ्या स्त्रीचे त्यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते जलरंगातले आहे हे तुम्ही मुद्दाम लक्षात ठेवा, कारण बोटांतून पाझरणारा तो उजेड तुमच्याच माध्यमातून आलेला आहे. चित्रासाठी उभी राहिली होती ती त्यांची स्वतःची मुलगी. आणि गंमत अशी की ते चित्र राजा रविवर्म्याचे आहे, असे आजही कित्येक जण छातीठोकपणे सांगतात. मुंबईने त्यांना शिक्षण आणि मान दिला, यात शंका नाही. पण विषय घरातच सापडला, आणि नाव तर लोकांच्या तोंडी तिथे जाऊनही नीट टिकले नाही.

पाटावरची (कुडाळ)

आमचीही गणपतीची शाळा आहे. घरोघरचे पाट येतात, पाटामागे घरवाल्याचे नाव खडूने लिहिलेले असते आणि बहुतेक घरांना दरवर्षी त्याच ठेवणीची मूर्ती हवी असते. साच्याचे काम घरातले सगळे करतात. डोळ्यांची आखणी मात्र सासऱ्यांच्या मागे मी करते.

हात आपसूक चालू लागतो हे तुमचे म्हणणे मला अगदी पटले, कारण तो धोका आमच्याकडे रोजचा आहे. मला उजवा डोळा आधी काढायची सवय आहे. हात नुसताच चालतो आहे असे वाटले की मी डावा आधी काढते. मग पाहिल्याशिवाय रेघ ओढताच येत नाही. यापलीकडे माझ्याकडे उपाय नाही. कोणासाठी काढायचे, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही. काही घरांचा गणपती दीड दिवसाचा असतो, म्हणजे माझी रेघ तिसऱ्या दिवशी उरतही नाही. तरीही दोन्ही डोळे एका पातळीत आले नाहीत तर मला रात्री झोप येत नाही.

सड्यावरून (मूळ देवगड, सध्या डोंबिवली)

जांभाचिरा सरांबद्दल आदर ठेवून थोडा विरोध नोंदवतो. गंजिफा राजवाड्यामुळे वाचल्या, आणि वेंगुर्ल्याच्या खाडीला राजवाडा नाही. माझ्या ओळखीचे निम्मे चित्रकार नोकरी किंवा जाहिरातींची कामे करून चित्रे काढतात, आणि मीही त्यांतलाच एक आहे. नागावला, म्हणजे कोकणातच, १९३६ साली जन्मलेले प्रभाकर बरवे यांच्यासारख्या चित्रकारानेही दोन दशके विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. तेव्हा पोटाचे काम वेगळे आणि चित्र वेगळे, ही तारेवरची कसरत गावचीच आहे असे समजू नका. शहरात तिला लोकलचा प्रवास जोडला जातो, इतकेच.

आता कामाचे सांगतो. होम-स्टेची चित्रे जरूर करा, पण ती वेगळ्या मापाच्या कागदावर आणि वेगळ्या ब्रशने करा. हाताला जागा बदलल्याचे कळते. खाडीवर जाताना हिरव्या रंगाची ट्यूब घरीच ठेवा. ज्याला हिरवा मिसळून काढावा लागतो, तो फुकटचा माड काढत नाही. पावसाळ्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळत नाही म्हणून काम थांबवू नका. मळभासाठी ओल्यावर ओला रंग सोडायचा असेल, तर आषाढाची हवा तुमच्या बाजूची आहे. मात्र चित्रे साठवताना काळजी घ्या. जलरंगात डिंक असतो आणि बुरशीला तो आवडतो. काच कागदाला टेकू नये म्हणून माउंट, म्हणजे चित्राभोवती पुठ्ठ्याची चौकट, लावा, आणि फ्रेम भिंतीला चिकटून बसू नये म्हणून मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा. आमच्या चिऱ्याच्या घरात माझी कॉलेजची जवळजवळ सगळी चित्रे अशीच बुरशीने गेली. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या आणि राज्य कला प्रदर्शनाच्या प्रवेशिका मागवून भरत जा. त्यासाठी गाव सोडावे लागत नाही.

खाडीकाठ (वेंगुर्ले)

सर्वांचे आभार. पंचावन्न माशांचा हिशेब वडिलांना सांगितला, तेव्हा ते नुसते हसले आणि पुन्हा मूर्तीला पॉलिश करायला बसले.

काल हिरवी ट्यूब घरी ठेवून खाडीवर गेलो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, एवढेच दोन रंग नेले होते. पहिल्या पावसाने तांबडी माती उतरून पाणी गढूळ झाले होते, त्यामुळे खरे तर तेवढेच पुरले. कागद तासभर ओला राहिला आणि धक्क्याची खालची कड पाण्यात विरघळून गेली. ती तशीच ठेवली. चित्रात माड एकच आला. तो तिथे खरोखर होता, हे उठताना पुन्हा पाहून घेतले.

सड्यावरून यांना एक विचारायचे आहे: बुचाचे तुकडे कोणत्याही बाटलीचे चालतात, की फ्रेमवाल्याकडचेच घ्यावेत?