कीक्लोक स्वतः चालवायचं की ओक्टा/एन्ट्रा घ्यायचं? माणसं ६०, अ‍ॅडमिन दोनच

दोन_अ‍ॅडमिन:
आमच्याकडे ६० जण, १८ अ‍ॅप्स, आणि सांभाळायला मी आणि अजून एक जण. आतापर्यंत प्रत्येक अ‍ॅपचं लॉगिन वेगळं आणि कोणाला कुठे अ‍ॅक्सेस आहे याची एक एक्सेल शीट. परवा शीट पडताळत होतो तर चार महिन्यांपूर्वी सोडून गेलेल्या मुलाचं कोड रिपॉझिटरीतलं अकाउंट चालूच होतं, वर त्याचा टोकनही (पासवर्डशिवाय कोडपर्यंत पोचवणारी डिजिटल चावी) चालू. मेल बंद केला होता, फॉर्मवर सगळीकडे टिक होती, फक्त हे राहून गेलं. लॉग पाहिले, त्याने काही केलेलं नाही, पण मला रात्रभर झोप नाही लागली हो. आता सगळीकडे एकच लॉगिन (एसएसओ) देणारं टूल ठरवायचंय. कीक्लोक आपल्याच सर्व्हरवर चालवायचं, त्याला लायसन्सचे पैसे नाहीत म्हणून माझा कल तिकडे, सोबतचा म्हणतो ओक्टा नाहीतर मायक्रोसॉफ्टचं एन्ट्रा घे, ते त्यांच्याच सर्व्हरवर चालतं, डोक्याला ताप नको. फीचर्सचे तक्ते वाचून वाचून मला तर सगळी सारखीच दिसायला लागलीत. तुम्ही कशावरून ठरवलंत?

पोस्टग्रेसवाला:
आम्ही तीन वर्षं कीक्लोक चालवतोय, चांगलं आहे, मनापासून सांगतो. पण लायसन्स फुकट असलं तरी ते चालवणं फुकट नाही. डेटाबेस तुमचा, बॅकअप तुमचा, सर्टिफिकेट तुमचं, आणि ते बंद पडलं की १८ च्या १८ अ‍ॅप्सची दारं एकदम बंद, म्हणजे निदान दोन नोड (सर्व्हर) हवेतच. अपग्रेडही अंगावर घ्यावं लागतं, २०२२ मध्ये १७ व्या आवृत्तीला ते ज्या पायावर चालतं तो वाइल्डफ्लायवरून क्वार्कसवर गेला तेव्हा कॉन्फिगची पद्धतच बदलली आणि डिफॉल्ट पत्त्यातला ऑथ हा भाग निघून गेला, म्हणजे जोडलेल्या प्रत्येक अ‍ॅपचा पत्ता तपासणं आलं. दोघांपैकी एक रजेवर असताना हे कोण करणार याचं उत्तर असेल तरच घ्या.

चावीवाली:
मला वाटतं प्रश्न थोडा वेगळा आहे. तुमची झोप उडाली ती लॉगिनमुळे नाही, सोडून गेलेल्या माणसामुळे. आणि एसएसओ लावला की ते आपोआप सुटेल असं सगळे धरून चालतात, तसं होत नाही. सॅमल काय किंवा ओआयडीसी काय, एसएसओच्या या दोन पद्धती फक्त दारात कोण आलंय ते सांगतात. अ‍ॅपच्या आत अकाउंट तयार करणं, बंद करणं हे स्किम नावाच्या वेगळ्या पद्धतीचं काम, आणि ते अ‍ॅपलाही यावं लागतं, नुसत्या तुमच्या टूलला येऊन भागत नाही. वरून युजर डिसेबल केलात तरी अ‍ॅपमध्ये आधीच उघडलेलं सेशन त्याची मुदत संपेपर्यंत चालू राहू शकतं, आणि त्याने बनवलेला एपीआय टोकन तर या रस्त्याने येतच नाही, तुमच्याकडे नेमकं तेच राहिलं होतं.

म्हणून तक्ते बाजूला ठेवा. ट्रायल घ्या, एक खोटा युजर बनवा, त्याला तीन अ‍ॅप्समध्ये लॉगिन करा, रिपॉझिटरीत टोकन काढा. मग टूलमधून त्याला डिसेबल करा आणि घड्याळ लावून बसा: कुठून किती मिनिटांत बाहेर पडला, कुठे आतच राहिला. हे दोन्ही टूल्सवर करा. आणि त्याआधी १८ अ‍ॅप्सपुढे लिहा, एसएसओ कोणत्या प्लॅनमध्ये मिळतो. बरेच जण तो सगळ्यात महागड्या प्लॅनमध्येच देतात, त्यामुळे खरा खर्च पुष्कळदा टूलचा नसतो, अ‍ॅप्सचा असतो.

रात्रपाळी:
वरच्या ताईंशी सहमत. एक भर. तुमचा मेल आणि फायली मायक्रोसॉफ्टकडे असतील तर एन्ट्रा आयडी तुमच्याकडे आधीच आहे, २०२३ पर्यंत त्यालाच अझ्युअर एडी म्हणायचे. आधी तेच उघडून बघा. फक्त कोण कुठून आत येऊ शकतो याचे नियम, म्हणजेच कंडिशनल अ‍ॅक्सेससाठी पी१ लायसन्स लागतं, ते तुमच्या प्लॅनमध्ये आहे का बघून घ्या.

आणि काहीही घ्या, दोन इमर्जन्सी अ‍ॅडमिन अकाउंट एसएसओच्या बाहेर ठेवा, हार्डवेअर की (लॉगिनसाठी लागणारी खरीखुरी छोटी चावी) लावून, ती चावी तिजोरीत. आमच्याकडे एकदा सॅमलचं सर्टिफिकेट एक्स्पायर झालं आणि ज्या पॅनेलमध्ये जाऊन ते बदलायचं ते पॅनेलही त्याच लॉगिनमागे होतं. पाच तास गेले.

दोन_अ‍ॅडमिन:
आज बसून यादी केली. १८ पैकी ११ ला सॅमल किंवा ओआयडीसी आहे, त्यातल्या तिघांचा प्लॅन वाढवावा लागेल. स्किम फक्त ५ ला, आणि रिपॉझिटरी त्यात नाही. खोट्या युजरची चाचणी पण केली, डिसेबल केल्यावर नवीन लॉगिन लगेच बंद झालं, पण एका अ‍ॅपमध्ये तो ४० मिनिटांनंतरही आत होता आणि टोकनने कोड खाली उतरवता आला. मेल मायक्रोसॉफ्टचाच आहे, त्यामुळे आम्ही दोघांनी एन्ट्राच ठरवलं. रिपॉझिटरीतल्या टोकनना आजच ३० दिवसांची मुदत लावली, आणि जाणाऱ्याचे टोकन रद्द करायची स्क्रिप्ट उद्यापासून लिहायला घेतोय. चावीवाली, उरलेल्या ७ अ‍ॅप्सचं तुम्ही कसं करता, हातानेच का?

चावीवाली:
हातानेच, पण प्रत्येक अ‍ॅपला एक मालक नेमून. माणूस जायच्या दिवशी त्या मालकाच्या नावाने तिकीट पडतं आणि नुसत्या टिकवर ते बंद होत नाही, अकाउंट बंद झाल्याचा स्क्रीनशॉट जोडावा लागतो.