एमसी (मिडनाइट कमांडर) वापरून बघा, फक्त एफ१० सांभाळा

सर्व्हरवर एसएसएचने (म्हणजे दुरून) शिरल्यावर फायली हाताळायला दरवेळी एलएस, सीडी, सीपी या आज्ञा बडवायचा कंटाळा येतो, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. रेंजर हा टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चालणारा फाइल मॅनेजर तुम्ही बघितलाच आहे. तो छानच, पण त्याला पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा लागते, आणि व्हीआय या जुन्या एडिटरच्या कळा बोटांत नसतील तर सुरुवातीला चाचपडायला होतं.

माझं मत मिडनाइट कमांडरला, म्हणजे एमसीला; हाही टर्मिनलमधलाच फाइल मॅनेजर. १९९४ पासूनचा गडी, डॉसवरच्या जुन्या नॉर्टन कमांडरच्या वळणावर गेलेला: निळा पडदा, शेजारी शेजारी दोन कप्पे. डावीकडे लॉगचं फोल्डर उघडा, उजवीकडे बॅकअपचं. इन्सर्ट दाबत फायली निवडायच्या (लॅपटॉपवर ती कळ नसेल तर कंट्रोल-टी), निवडलेल्या पिवळ्या दिसतात. एफ५ ने कॉपी, एफ६ ने हलवा. कंट्रोल-ओ दाबलं की कप्पे गायब आणि मागचा शेल (आज्ञा टाइप करायची जागा) समोर, पुन्हा दाबलं की कप्पे हजर. या एका सोयीवर माझा जीव आहे.

खोडी एकच. बाहेर पडायला एफ१०, आणि काही टर्मिनल ती कळ स्वतःच्या मेनूसाठी गिळतात. पहिल्या दिवशी वैतागून मी सरळ खिडकीच बंद केली होती! एस्केप दाबून मग शून्य दाबा, काम होतं. आणि एफ८ ही फायली पुसायची कळ जरा जपून, तिथे कचरापेटी वगैरे नाही.