दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या मुलांसाठी तालुक्यात पालकांचा गट : सुरुवात कुठून करावी?

गटप्रवर्तक_घाटमाथा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत मिळून ओठ किंवा टाळू दुभंगलेली ११ मुलं नोंदीत आहेत. सर्वांत धाकटं १९ दिवसांचं, सर्वांत मोठा मुलगा सातवीत. ओठाची शस्त्रक्रिया बहुतेकांची झाली आहे, पण ज्यांची टाळूही फाटलेली आहे त्यांतल्या निम्म्यांची टाळू अजून तशीच आहे. ओठ शिवला की चेहरा चांगला दिसतो, पाहुणेरावळे "झालं एकदाचं" म्हणतात आणि घरचे पुन्हा दवाखान्याकडे फिरकत नाहीत.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी महिन्यातून एक दुपार उपकेंद्राची खोली द्यायचं कबूल केलंय. पालकांचा गट बांधायचा आहे, पण नुसत्या गप्पा आणि चहा नको. दवाखाना जे करत नाही असं या गटाने नेमकं काय करावं? शिवाय दोन अडचणी आहेत. १९ दिवसांच्या बाळाचं जन्मवजन २ किलो ७०० होतं, काल २ किलो ६०० भरलं. टाळू पूर्ण फाटलेली आहे, आई अंगावरच पाजते, तासतासभर. आणि सासूबाई रोज ऐकवतात की हिने ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं. काय सांगावं?

शिशुकक्ष_परिचारिका

ताई, गटाचं नंतर बघू. या बाळाला आजच दवाखान्यात दाखवा. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, पण १० ते १४ दिवसांत ते जन्मवजनावर परत यायला हवं. १९व्या दिवशी १०० ग्रॅम कमी म्हणजे बाळ उपाशी आहे. २१व्या दिवसाच्या गृहभेटीची वाट पाहू नका. बाळ सुस्त असेल, अंग गार लागत असेल, दिवसात सहापेक्षा कमी वेळा लघवी होत असेल तर थेट नवजात शिशु विभाग असलेल्या रुग्णालयात न्या. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला १०२ ची गाडी विनामूल्य मिळते.

कारण घरच्यांना समजावून सांगा, म्हणजे आईवरचा राग कमी होईल. दूध ओढायला तोंडात पोकळी बंद व्हावी लागते. टाळू फाटलेली असली की नाकातून हवा शिरते आणि ओढ लागतच नाही. बाळ तोंड हलवतं, आईला वाटतं पितंय. प्रत्यक्षात पोटात थोडंच जातं आणि चोखण्यातच बाळाची ताकद संपते. आईला दूध कमी नसतं. फक्त ओठ दुभंगलेला असेल तर मात्र बरीच बाळं अंगावर व्यवस्थित पितात, त्यांना उगाच तोडू नका.

पाजायचं असं. हात साबणाने धुऊन दूध हाताने पिळून काढायचं, १० मिनिटं उकळलेल्या भांड्यात. घरात बोंडलं (बाळाला पाजायची चोचीची वाटी) असेल तर उत्तम, नाहीतर लहान वाटी-चमचा. बाळाला निदान ४५ अंश उभट धरायचं. बोंडल्याची चोच ओठांच्या कोपऱ्यात टेकवायची, थोडं दूध सोडायचं, गिळलेलं दिसलं की पुढचं. दर १५-२० मिलीनंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, कारण ही बाळं हवा फार गिळतात. २ किलो ६०० च्या बाळाला दिवसाला साधारण ४०० मिली लागतं. आठ वेळा पाजलं तर एका वेळी ५० मिली, थकत असेल तर कमी-कमी करून बारा वेळा. एक पाजणं अर्ध्या तासात संपलं पाहिजे. काढलेलं दूध बाहेर ४ तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

नाकातून दूध आलं की घरचे घाबरून पाजणंच थांबवतात. तसं करू नका. बाळ सरळ धरा, नाक मऊ कापडाने पुसा, श्वास शांत झाला की पुन्हा सुरू करा. खरा धोका वेगळा असतो: पाजताना ठसका, ओठ निळे पडणं, धाप लागणं. हनुवटी फार लहान आणि मागे असेल व उताणं ठेवल्यावर श्वास अडत असेल तर कुशीवर झोपवून लगेच रुग्णालय गाठा, कारण जीभ मागे पडून श्वास कोंडतो.

दोन गोष्टी सक्त बंद. निपलचं भोक ब्लेडने मोठं करणं, कारण दूध धारेनं घशात उतरतं. आणि वरच्या दुधात पाणी घालणं. दाबता येणारी मऊ बाटली किंवा एकतर्फी झडपेचं निपल मिळालं तर छान, पण त्यासाठी दोन दिवस वाट बघू नका.

वजन रोज नको, आठवड्यातून दोनदा त्याच काट्यावर, कपडे काढून. दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ हवी.

समाजसेवा_अधीक्षक

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. आता गटाबद्दल.

माझ्या मते गटाचं मुख्य काम एकच आहे: कुठल्याही मुलाची पुढची तारीख चुकू द्यायची नाही. दवाखाना तारीख देतो, पण ती तारीख आणि घर यांच्यात सुगी येते, लग्नसराई येते, ऊसतोडीला स्थलांतर होतं. तिथे गट लागतो.

तुमच्या हातात याचं साधन आधीच आहे. आशाताई ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना बाळाच्या घरी जातातच. ओठाची शस्त्रक्रिया साधारण ३ महिन्यांनंतर होते. बाळ निदान १० आठवड्यांचं, वजन साडेचार किलोच्या आसपास आणि हिमोग्लोबिन १० असावं असा जुना ठोकताळा आहे. टाळू ९ ते १२ महिन्यांच्या सुमारास, फार तर दीड वर्षाच्या आत. म्हणजे ३ महिन्यांच्या भेटीत "ओठाची तारीख घेतली का", ९ च्या भेटीत "टाळूची तारीख घेतली का" आणि १५ च्या भेटीत "मूल काय-काय बोलतं" असे तीन प्रश्न नोंदवहीत कायमचे छापून टाका. वहीत मुलाच्या नावापुढे "काय झालं" यापेक्षा "पुढे काय, कधी, कोण सोबत जाणार" हे रकाने मोठे ठेवा.

शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाण्याची कारणं ठरलेली आहेत: सर्दी-खोकला, हिमोग्लोबिन कमी, आणि सकाळी एसटीत बाळ रडलं म्हणून दिलेलं बिस्किट. गटातल्या कुणीतरी आठ दिवस आधी आणि आदल्या दिवशी असे दोन फोन करायचे. आठ दिवस आधी विचारायचं: ताप, खोकला, नाक वाहतंय का? आदल्या दिवशी उपाशी ठेवण्याची वेळ पक्की सांगायची. सर्वसाधारणपणे आईचं दूध ४ तास, वरचं दूध ६ तास, साधं पाणी २ तास आधी बंद, घन खाणं त्याहून आधी. पण रुग्णालयाने दिलेली वेळ अंतिम. हिमोग्लोबिनसाठी ६ महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं औषध आशांकडून मिळतं, ते खरंच पोटात जातंय का हे टाळूच्या तारखेच्या तीन महिने आधीपासून बघा.

खर्चाचं: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ-टाळू हा जन्मदोष येतो, वयोमर्यादा १८ वर्षं. तालुक्याच्या पथकाकडे नाव द्या, ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. शिवाय राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. स्माइल ट्रेन या ओठ-टाळूच्या शस्त्रक्रियांना पैसे देणाऱ्या संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया विनामूल्य होते. योजनेतलं प्रत्येक रुग्णालय ही शस्त्रक्रिया करतं असं समजू नका. निघण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनीसाला) फोन करा. बाळाचं नाव शिधापत्रिकेवर चढलेलं नसेल तर जन्मदाखला लागेल. शस्त्रक्रिया फुकट असली तरी आई-वडिलांची बुडालेली मजुरी आणि प्रवास फुकट नसतो, आणि बहुतेक मुलं तिथेच गळतात. ग्रामपंचायतीकडे नेमकी रक्कम मागा: दोन माणसांचं जाण्या-येण्याचं तिकीट, चार दिवसांचं जेवण. मोघम "मदत करा" म्हटलं की काही मिळत नाही.

नव्या आईला भेटायला अनुभवी पालक पाठवा, पण तयारी करून. ब्रिटनमध्ये क्लॅपा ही पालक आणि डॉक्टरांनी मिळून १९७९ साली उभी केलेली संस्था आहे. तिथे नव्या कुटुंबाशी बोलणारे पालक आधी प्रशिक्षण घेतात. तेवढं नाही तरी तीन नियम पाळा: स्वतःच्या मुलाचे निकाल दुसऱ्याला आश्वासन म्हणून सांगायचे नाहीत, औषध सुचवायचं नाही, डॉक्टरांची तुलना करायची नाही. ओठाच्या आधी काही केंद्रांत टाळूला प्लेट बसवून नाकाला आकार देतात. ती जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत सुरू करावी लागते आणि साधारण दर आठवड्याला फेरी असते. ज्यांना हे झेपणार नाही त्यांना अपराधी वाटेल असं कुणी बोलू नये. ओठ त्याशिवायही शिवता येतो.

व्हॉट्सॲप गटात मुलांचे फोटो टाकायला पहिल्या दिवसापासून बंदी ठेवा. असे फोटो उचलून खोटी देणगी मागणारे असतात.

ग्रहणाबद्दल वाद घालू नका, सासूबाईंनाच विचारा: त्या ग्रहणात गावात आणखी किती गरोदर बायका होत्या, त्यांची बाळं कशी आहेत? मग सांगा की ओठ गरोदरपणाच्या ४थ्या ते ७व्या आठवड्यात जुळतो आणि टाळू ६ ते ९ आठवड्यांत; त्या वेळी कित्येकींना दिवस राहिलेत हेही नीट माहीत नसतं. कारणं बहुधा अनेक मिळून असतात: आनुवंशिकता, फिटांची काही औषधं, तंबाखू. मिश्री हीसुद्धा तंबाखूच, हे मात्र पुढच्या बाळंतपणासाठी स्पष्ट बोला, पण आधीच्या बाळाचा दोष म्हणून नाही. आई-वडिलांना स्वतःला हा जन्मदोष नसेल आणि एक मूल असं असेल तर पुढच्या वेळी शक्यता साधारण शेकडा ३ ते ५ असते. घरात कुणाच्या खालच्या ओठावर दोन लहान खळगे असतील तर ती बरीच जास्त असते, तेव्हा जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्या.

वाचोपचार_कट्टा

गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी अर्धा तास राखून ठेवा अशी कळकळीची विनंती. टाळू शिवली म्हणजे बोलणं आपोआप सुधारतं हा समज फार नुकसान करतो.

पालकांना घरी करता येईल अशी एक तपासणी शिकवा. मुलाला "काका पोपट पकडतात", "बाबा बाग बघा" म्हणायला सांगा. या वाक्यांत म, न सारखा नाकातून उच्चारायचा एकही वर्ण नाही. नाकाखाली लहान आरसा धरा. या वाक्यांना आरसा धुरकट होत असेल तर हवा नाकातून सुटते आहे. मग मुलाचं नाक चिमटीत धरून तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावा. आवाजात स्पष्ट फरक पडला तर तोच संकेत. वाक्य संपण्याआधी मुलाने श्वास सोडला तरी आरसा धुरकटतो, म्हणून दोन-तीनदा करा. हे निदान नाही, वाचा उपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं की नाही एवढंच यावरून ठरतं.

दुसरी खूण कानाने ओळखायची. काही मुलं प, त, क ऐवजी घशातच आवाज अडवतात. "काका" चं "आ-आ" ऐकू येतं, मध्ये छोटा झटका. टाळू उघडी असताना तोंडात दाब धरता येत नाही, म्हणून मूल घशाची सवय लावून घेतं. टाळू शिवल्यावरही ही सवय राहते आणि ती शस्त्रक्रियेने जात नाही, शिकवूनच जाते. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं, आधी "पा", मग "पापा", मग शब्द, मग वाक्य. फुगे फुगवणं, शिट्ट्या, मेणबत्त्या फुंकणं यांनी बोलणं सुधारत नाही. वर्षानुवर्षं सांगितलं जातं म्हणून पालक तेच करत बसतात आणि खरा सराव राहून जातो.

कान विसरू नका. टाळू फाटलेल्या मुलांच्या मध्यकर्णात पाणी साचतं, दुखत नाही, म्हणून कळत नाही. पहिल्या वर्षात श्रवणचाचणी आणि पुढेही ठरावीक काळाने. वर्गात अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवा. वाचनाची पाळी आली की त्याला वगळू नका, हसणाऱ्यांना आवरा.

मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग संस्था आहे, जिल्हा केंद्रातही उपचारतज्ज्ञ असू शकतात. प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर सराव चालतो. गटाच्या खोलीत एक फोन, एक स्पीकर आणि शांतता एवढं पुरतं.

स्वतःचं_मत_आहे

सातवीतल्या मुलाविषयी कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. त्याला लहान बाळांच्या आयांसमोर "बघा किती छान झाला" म्हणून उभा करू नका. त्या वयात ते फार लागतं. आधी त्याला एकट्याला विचारा, नको म्हणाला तर विषय संपला. मोठ्या मुलांची बैठक वेगळी घ्या, आई-वडिलांशिवाय, आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्यांनी स्वतः लिहावेत. पुढची शस्त्रक्रिया हवी की नको यात त्याचं म्हणणं ऐकलं जाईल असं त्याला दिसलं पाहिजे.

गटप्रवर्तक_घाटमाथा

सर्वांचे मनापासून आभार. बाळ जिल्हा रुग्णालयात दाखल आहे, बोंडल्याने पाजायला सुरुवात झाली. सातवीतल्या मुलाची टाळूच शिवलेली नाही. आता उशीर झाला का?

समाजसेवा_अधीक्षक

शस्त्रक्रियेला उशीर झालेला नाही, टाळू या वयातही शिवतात. जेवताना नाकातून येणं थांबतं किंवा बरंच कमी होतं, त्यासाठीही ती करण्यासारखी आहे. बोलण्याची सवय मात्र पक्की झालेली असते, म्हणून वाचोपचार लांब चालतील आणि फरक हळू पडेल हे त्याला आणि घरच्यांना आधीच सांगा. हिरडीतही फट असेल तर दंतव्यंगतज्ज्ञांना याच फेरीत दाखवा. तिथे कमरेचं हाड घेऊन भरण साधारण ७ ते ११ वर्षांत, सुळा उतरण्याआधी करतात. तो उतरला आहे का हे एक्स-रेवर कळेल आणि पुढचा बेत त्यावर ठरेल.

शाळेची सुट्टी बघून तारीख घ्या. टाळूनंतर दोन-तीन आठवडे पातळ आणि मऊच खाणं: वरणाचं पाणी, नाचणीची आंबील, ताक, कुस्करलेला भात. भाकरीचा कडक पापुद्रा, चकली, शेंगदाणे, स्ट्रॉ बंद. चमचा टाळूकडे न्यायचा नाही. प्रत्येक खाण्यानंतर दोन घोट पाणी. टाके उसवून टाळूला छोटं भोक राहिलं तर दूध पुन्हा नाकातून येऊ लागतं. तसं दिसलं तर गटात न विचारता रुग्णालयात फोन करायचा, आणि ताजं रक्त आलं तर फोनही न करता निघायचं.