वडिलोपार्जित म्हणजे बापानं कमावलेलं का?

धुरेकरी:
राम राम मंडळी. आमचं वावर दर्यापूरकडं, खारपाणपट्ट्यात. आठ एकर. पाच पणजोबापासूनचं, अन् तीन बाबानं 1984 साली कापसाच्या पैशातून घेतलं, आईच्या पाटल्या मोडून. बाबा अजून धडधाकट हायत, तरी वाटणीचा विषय निघाला. अर्जनवीसानं मसुद्यात आठही एकरांपुढं 'वडिलोपार्जित' लिहिलं. मले वाटलं बरोबरच हाय, वडिलानं उपार्जिलं ते वडिलोपार्जित. बहीण तिवस्याले दिली हाय. ते फोनवर म्हणे, "दादा, सही करू नको, ते तीन एकर त्यात येत नाही." आता घरात सारे तिच्यावरच गरम. शब्दाचा अर्थ कोणी नीट सांगन का?

जुना मास्तर:
घोळ 'वडील' या शब्दात आहे. आज आपण बापालाच वडील म्हणतो, पण मूळ अर्थ वयानं मोठा. 'वडीलधारी', 'वडील बंधू' यांत तोच आहे. म्हणून वाडवडिलांकडून चालत आलेलं ते वडिलोपार्जित. बाबांनी स्वतः घेतलेलं ते स्वकष्टार्जित. (मराठी 'वडील' आणि संस्कृत 'उपार्जित' यांचा पाट कोणी लावून दिला कोण जाणे, संसार मात्र टिकला.)

पराटीवाला:
आमच्या बुढ्यानं वडिलोपार्जित म्हणून सोसायटीचं कर्ज तेवढं ठेवलं. त्यात वाटणी मागाले एकही भाऊ आला नाही.

कोर्टाच्या पायऱ्या:
नऊ वर्षं तारखा केल्या, म्हणून सांगतो. वडिलोपार्जितात लेकराचा हक्क जन्मापासून, अन् लेकीचाही पोराइतकाच. देशात हे हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं झालं, महाराष्ट्रात 1994 लेच कायदा आला होता. स्वकष्टार्जित मात्र बाप जिवंत हाय तोवर त्याचंच. कोणाले द्याचं ते तो ठरवन. अन् त्या पाच एकराचे जुने फेरफार काढा. 1956 नंतर आजोबाकडून बाबाकडं नुसतं वारसानं आलं असन, तं कायद्यात तेही वडिलोपार्जित ठरनच असं नाही. वकिलाले कागद दाखवल्याबिगर सही नका करू.

धुरेकरी:
मास्तर, भाऊ, आभार. मसुदा परत केला. काल बहिणीले सरळच विचारलं, तुले त्या तीन एकरात किती पायजे? म्हणे, "मले काहीच नको. ते बाबाच्या नावानं राहू दे. उद्या चष्म्याच्या पैशासाठी त्याले तुमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहा लागू नये."

आईनं फोन स्पीकरवर टाकला होता, हे मले मागून समजलं.