ओंटारिओत कंपनी नोंदवायची आहे, बजेट ५०० डॉलर

चकलीवाली:
नमस्कार मंडळी. ब्रॅम्प्टनला राहते, पीआर आहे, म्हणजे कॅनडात कायम राहायची परवानगी. तीन दिवाळ्या ओळखीत फराळाच्या ऑर्डरी घेतल्या, यंदा भाड्याच्या किचनमध्ये करून दोन देशी दुकानांत माल ठेवायचाय. एक दुकानदार म्हणतो, बिल कंपनीच्या नावाने पाहिजे. ओंटारिओ प्रांतात नोंदवू की फेडरल, म्हणजे केंद्र सरकारकडे? नाशिकचा भाऊ दुसरा डायरेक्टर होईन म्हणतोय. बजेट ५००, सगळं धरून. वकील नको.

मिसिसागाकर:
वकीलच करा. मी १८०० मोजले, पण मिनिट बुक, म्हणजे कंपनीच्या ठरावांची वही, काय सुरेख दिलंय! जाड पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरं. पाच वर्षं कपाटात आहे, उघडायची वेळ आली नाही.

हिमकण:
काका, ५०० लिहिलंय हो तिने. ताई, ओंटारिओ बिझनेस रजिस्ट्रीवर मी स्वतः केली. ३०० डॉलर, सर्टिफिकेट त्याच रात्री ईमेलवर. खरा घोळ नावाचा. स्वतःचं नाव हवं तर आधी न्युआन्स रिपोर्ट (तसं नाव आधीच कोणाचं आहे का याचा शोध) काढावा लागतो, तो ९० दिवसच चालतो. आमच्याकडे नावावरून सासरे एकीकडे, नवरा एकीकडे. एकमत झालं ९४व्या दिवशी. परत पैसे भरून नवा रिपोर्ट!

कॅलगरीकर:
आमच्या अल्बर्टात सरळ रजिस्ट्री एजंटाच्या काउंटरवर जायचं, समोर माणूस बसलेला असतो. इकडेच या.

थंडोबा:
चकली विकायला कॅलगरीला?
फेडरल घ्या. ऑनलाइन २०० डॉलर, म्हणजे ओंटारिओपेक्षा शंभर कमी, आणि नाव देशभर राखलं जातं.

हिमकण:
आणि धंदा ओंटारिओतच करायचा तर पहिल्या ६० दिवसांत इथेही माहिती भरायची. त्याला फी नाही, पण दोन सरकारांकडे दोन वार्षिक रिटर्न. माझी मैत्रीण दर वर्षी एक विसरते.

गप्पीदास:
मुळात कंपनी कशाला? साधं बिझनेस नाव नोंदवा, ६० डॉलरात ५ वर्षं. विक्री चार तिमाहींत ३०,००० च्या वर जाईपर्यंत एचएसटी (विक्रीकर) नंबरही सक्तीचा नाही. मी आठ वर्षं असाच आहे.

मिसिसागाकर:
आणि कोणी चकलीने दात तुटला म्हणून कोर्टात गेलं तर? घर जाईल घर!

गप्पीदास:
माझ्या हिच्या चकलीने नाही तुटत.

भाजणीप्रेमी:
अवांतर: भाजणीत धने-जिरे भाजूनच घालता ना? टोरांटोतल्या एका दुकानातून आणलेल्या पाकिटाला नुसता मैद्याचा वास.

कागदोपत्री:
हिशेबनीस आहे म्हणून टंकतोय. भावाला डायरेक्टर करता येईल. ओंटारिओत २५ टक्के डायरेक्टर निवासी कॅनेडियन असण्याची अट ५ जुलै २०२१ पासून गेली. फेडरलला ती अजून आहे, पण चारपेक्षा कमी डायरेक्टर असतील तर एक निवासी पुरतो. मात्र शेअर्सचा ताबा भारतात राहणाऱ्या माणसाकडे गेला तर छोट्या कंपनीची करसवलत हातची जाते. भावाला खुर्ची द्या, शेअर्स देताना विचार करा.
आणखी एक. नोंदणी झाली की सरकारी वाटतील अशी पत्रं येतात, 'वार्षिक रिटर्नसाठी इतके डॉलर भरा'. बहुतेक खासगी दुकानदारी असते. ओंटारिओचं वार्षिक रिटर्न रजिस्ट्रीवर फुकट भरता येतं.

हिमकण:
+१. आम्ही भरले होते. ८५ डॉलर. त्या पाकिटावर मेपलचं पान होतं हो!

थंडोबा:
कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो, फेडरल घ्या.

कागदोपत्री:
नावाचं ठरत नसेल तर नंबरवाली कंपनी काढा, नावाच्या जागी सरकारने दिलेला नंबर. न्युआन्स लागत नाही. पुढे ६० डॉलरात व्यवसायाचं नाव जोडता येतं.

मिसिसागाकर:
नंबर म्हणजे कैद्यासारखं वाटतं. दुकानात पाकिटावर काय छापणार?

हिमकण:
खरंच नको. नाव असलं की गिऱ्हाइकाच्या लक्षात राहतं.

गप्पीदास:
मीपण नावाच्याच बाजूने. मुळात कंपनीच नको.

चकलीवाली:
सगळ्यांचे आभार. काल रात्री नंबरवालीच काढली, ओंटारिओतच, ३०० डॉलर. अर्ज भरायला चाळीस मिनिटं लागली, त्यातली वीस रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता तपासण्यात. पोस्ट बॉक्स चालत नाही आणि माझ्या बेसमेंटचा युनिट नंबर तो फॉर्म घेईना. सर्टिफिकेट आलं, 'कंपनी की' (रजिस्ट्रीवर लागणारा गुप्त नंबर) वहीत लिहून ठेवलीय. डायरेक्टर एकटी मीच, शेअर्सही माझेच. नाव अजून ठरलेलं नाही, कारण भावाला आजीचं नाव हवंय आणि मला चकली हा शब्द.
तो रुसलाय. म्हणतो, डायरेक्टर नाही तर भाजणी दळून पाठवणार नाही.

भाजणीप्रेमी:
मग भाजणी कुठून आणणार? आणि धने-जिऱ्याचं उत्तर राहिलंच.

मिसिसागाकर:
ताई, मिनिट बुक हवं असेल तर माझं कोरंच आहे. सोनेरी अक्षरं तेवढी खरवडावी लागतील.